तहानलेला खडा

भाताची कापणी तोंडावर आली होती आणि आमचं निम्मं गाव उल्हास नदीच्या पात्रात उभं राहून एका दगडाला पाणी पिताना बघत होतं.

दगड लिंबाएवढा. रंगाने गुलाबी, मधूनमधून फिकट पिवळ्या रेघा. खडेबुवांनी तो तळहातावर धरला आणि पळीने वर एक थेंब सोडला. थेंब ओघळला नाही, टिकलाही नाही. दगडात गेला. दुसरा सोडला, तोही गेला. सातव्या थेंबाला पुढच्या बायकांनी हात जोडले.

"पाजा बायांनो, तुमच्या हातानं पाजा," बुवा म्हणाले. "उद्या म्हणाल, बुवाच्या बाहीत फडकं होतं. आणि पोपटराव, तुम्ही पुढं या. जीभ काढा."

पोपट म्हणजे आमच्या गावचा खेकडे पकडणारा. त्याने जीभ काढली. बुवांनी खडा जिभेला टेकवला आणि हात बाजूला घेतला. खडा लटकून राहिला.

"आता बोल की रं मिठू मिठू," मागून कुणीतरी म्हणालं.

हशा पिकला. बुवाही हसले. "त्याच्या जिभेचं विष ओढतोय तो. किती आहे ते त्याच्या सुनेला विचारा." पुन्हा हशा. मग बुवांनी आवाज एकदम खाली आणला. चांगल्या कीर्तनकाराला ही जागा बरोबर कळते. लोक हसून सैल झाले की त्यांच्या काळजात हात घालायचा.

"साप डसला की खडा असाच चिकटतो. विष संपेपर्यंत सोडत नाही. पण एक गोष्ट कानाला खडा लावून ऐका. याला दुसरा वैद्य सहन होत नाही. एकदा हा लावला आणि वर सुई टोचून घेतली, तर प्यालेलं सगळं विष तो उलटा अंगात सोडेल. मग मला बोल लावू नका."

हसणं तिथंच विझलं. 

मी बुवांच्या उजव्या हाताला पेटी घेऊन बसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते लपणार नाही. कीर्तन हे माझं लहानपणापासूनचं वेड. कर्जतपासून खालापूरपर्यंत कुठल्याही देवळात सप्ताह बसला की पेटी सायकलला बांधून मी निघायचो. मला सारं गाव पेटीमास्तर म्हणतं. देवावर माझी श्रद्धा आहे, रोजची पूजा मी चुकवत नाही, आणि गोड गळ्याचा माणूस खोटं बोलेल हे मला साठीपर्यंत खरंच वाटलेलं नव्हतं. खडेबुवांचा गळा गोड होता. पंधरा दिवसांपूर्वी ते आले, कोंडाण्याच्या बाजूने नदी जिथे वळते तिथे छप्पर टाकलं, धुनी पेटवली आणि पहिल्याच संध्याकाळी असा स्वर लावला की मी न बोलावता पेटी घेऊन गेलो.

त्यांचं स्वतःचं कवन असं:

"नदीच्या पोटी निजला खडा, विषाचा त्याने गिळला घडा;
काळा गोटा कर्माचा, गुलाबी गोटा धर्माचा."

कवन म्हणून टाकाऊच. पण त्यांनी ते असं आळवलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

लोक फसले ते हातचलाखीने नव्हे. बुवा खडे झोळीतून काढतच नव्हते. ज्याला हवा त्याने स्वतः पाण्यात उतरायचं, गुलाबी गोटा स्वतः शोधायचा. आमच्या नदीत सगळा काळा दगड. काळा डोंगर, काळा कातळ, काळे गोटे. त्यात चार-सहा वर्षांत हे गुलाबी गोटे दिसू लागले होते, पण कुणी लक्ष दिलं नव्हतं. गोटा मिळाला की तो धुनीच्या राखेत तीन तास पुरायचा. याला बुवा तप म्हणत. तप झालं की खडा जागा होई आणि पाणी पिऊ लागे. गावातल्या हिरामण शेतकऱ्याने मुद्दाम एक काळा गोटाही राखेत पुरून बघितला. त्याच्यावरून पाणी घरंगळून गेलं. मग तर शंकेला जागाच उरली नाही. बुवा खड्याचे पैसेही घेत नव्हते. त्यामुळे गावातली शहाणी माणसं सर्वांत आधी गार पडली. जवळजवळ सत्तर घरांत देवाच्या फळीवर खडा गेला.

पोपटला ओढ्यात साप चावला होता, तो दुसऱ्याच आठवड्यात. बुवांनी खडा लावला, खडा चिकटला, पोपट वाचला. तो साप पाण्यातला दिवड होता आणि दिवडाला विषच नसतं, असं माझी सून समिधा सांगत होती. ती दहिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. पण पोपटला ते ऐकायचं नव्हतं. तो आता मरणाच्या दारातून परतलेला माणूस झाला होता आणि त्याला प्रथमच गावात खुर्ची मिळत होती.

बुवांना हवं होतं ते निराळंच. नदीच्या वळणावर हिरामणचा भाताचा तुकडा आहे. तिथे त्यांना पाषाणपीठ उभारायचं होतं. आमच्याकडे नदीकाठच्या जमिनीचं काय मोल झालंय ते इथल्या कुठल्याही मुलाला ठाऊक आहे. हिरामण द्यायला तयार होता. अडून बसली ती त्याची बायको सुंदरा.

"दगडाला पानी पाजायला माजा तुकडा कशाला लागतो?" त्याच संध्याकाळी ती भर धुनीवर म्हणाली. "नदीत काय कमी पानी हाय?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बुवा हसले नाहीत. "मुली," ते म्हणाले, "जागेच्या राखणदाराला हे बोलणं ऐकू गेलंय. जपून चाल."

मी त्या वेळी भैरवीचे सूर धरून होतो. ते वाक्य माझ्या अंगावर काटा आणून गेलं, पण माझी बोटं थांबली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसलो. नवरात्र संपल्यावर समिधाने देवघर धुऊन काढलं होतं आणि गंध उगाळायची सहाण आठवडाभर गच्चीवर उन्हात राहिली होती; तोवर मी डबीतल्या तयार गंधावर भागवत होतो. माझ्या आजोबांनी ती काशीहून आणलेली. मी तिच्यावर पळीभर पाणी घातलं, खोड हातात घेतलं आणि उगाळायला गेलो तर पाणी नव्हतं. वाटलं, घालायचं राहिलं. पुन्हा घातलं. माझ्या डोळ्यांदेखत ते सहाणेत उतरलं.

मी तिसरी पळी घातली, तीही गेली. मग इकडेतिकडे बघितलं आणि सहाणेच्या कोरड्या कडेला जीभ लावली. जीभ चिकटली.

"बाबा," दारातून समिधा म्हणाली, "तुम्ही सहाण चाटताय?"

मी जीभ सोडवून घेतली. तिला सगळं सांगितलं. तिने सहाण हातात घेतली, अंगठ्याने चोळली आणि बोटाला लागलेले बारीक कण मला दाखवले.

"हा वाळूचा दगड आहे, बाबा. वालुकाश्म. वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला. तुमची सहाण साठ वर्षं पाणी पितेय. गंधात रोज भिजते म्हणून तुम्हाला कळलं नाही इतकंच. आणि ओल असेल तिथं कोरडा दगड चिकटणारच. तिला कधी कुणी साप चावल्यावर लावलं होतं का?" मग ती जरा थांबली. "तुम्ही आज तिथं बोललं पाहिजे. माझं कुणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील."

"आज उत्तररंग आहे," मी म्हणालो. "आख्यान पुरं होऊ दे. उद्या बोलतो."

समिधाने पिशवी उचलली. शाळेची वेळ झाली होती, ती निघून गेली. मी पेटी घेऊन नदीवर गेलो. असं का केलं याचं कारण माझ्यापाशी एकच आहे. मला त्या माणसाचा गळा गमवायचा नव्हता.

दहाच्या सुमारास हिरामणची मोटारसायकल पात्रात उतरली. मागे त्याचा भाऊ, आणि दोघांच्या मध्ये सुंदरा. कापणीच्या पहिल्या सरीला, भाताच्या बुडाशी, तिला साप चावला होता. कुकरची शिटी वाजावी तसा आवाज झाला, असं तिने सांगितलं. आमच्याकडे तो आवाज कशाचा ते सगळ्यांना माहीत आहे. घोणस.

"बुवा, वाचवा हिला," हिरामण म्हणाला. 

"मी कोण वाचवणारा? काल मी काय म्हणालो होतो?" बुवांनी गर्दीकडे बघितलं. गर्दीने माना हलवल्या. "पण राखणदारही आपला आणि लेकही आपली. आण तिला."

घोट्याच्या वर दोन ठिपके होते आणि त्यांतून रक्त झिरपत होतं. बुवांनी राखेतून खडा काढला, फुंकर मारली आणि जखमेवर दाबला. खडा चिकटला.

"पितोय," लोक म्हणाले. "पितोय रं, पितोय." हिरामण गुडघ्यांवर बसला.

"मास्तर, धरा सूर," बुवा म्हणाले. आणि मी धरला.

वीस-पंचवीस मिनिटांनी खडा आपोआप गळून पडला. बुवांनी तो दुधाच्या वाटीत टाकला. दगडातून बारीक बुडबुड्यांची रांग वर आली. "हे बघा. विष ओकतोय." त्यांनी दुसरा खडा लावला. तोही चिकटला. तोही पडला. तिसरा लावला. सुंदराचा पाय एव्हाना गुडघ्यापर्यंत सुजून कातडी चकाकत होती.

"अवो," ती हिरामणला म्हणाली, "दवाखान्यात चला."

"तीन खडं पिऊन बसल्यात गं," हिरामण म्हणाला. तो रडत होता. "आता सुई लावली तर समदं उलटंल. आजून थोडा वेळ. थोडाच."

कर्जतचा दवाखाना मोटारसायकलने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. आम्ही सव्वा तास तिथे बसलो होतो. हिरामणला बायको प्यारी होती, म्हणूनच तो तिला हलवत नव्हता. बुवांच्या त्या एका वाक्याने त्याच्या पायांत बेडी घातली होती. प्रेम जितकं जास्त तितकी बेडी घट्ट.

सुंदराने तोंड वळवून थुंकी टाकली. गोट्यांवर ती लाल दिसली. हिरड्यांतून रक्त येत होतं.

माझे हात पेटीवरून उठले. "बुवा," मी म्हणालो, "आमच्या घरची सहाण पण..."

"पेटी थांबवू नका मास्तर," कुणीतरी ओरडलं, "तपात खंड पडंल."

माझं वाक्य तिथेच मेलं.

तेवढ्यात मैना आली. मैना म्हणजे पाट्या-वरवंट्याला टाकी लावून देणारी. खोपोलीला लेकीकडे राहते, दिवाळीच्या आधी आमच्या गावांतून फिरते. आता मिक्सर आले, पण जुन्या घरांतून अजून तिला हाक असते. गावात सगळी दारं बंद दिसली म्हणून माणसांच्या मागावर नदीला उतरली होती. खांद्याला पिशवी, पिशवीत छिन्नी-हातोडी.

"काय गं, काय झालंय हिला?"

"घोणस चावली. खडा विष पितोय," एका बाईने सांगितलं आणि पडलेला खडा दाखवला.

मैनाने तो उचलला. अंगठ्याने चोळला, बोटाकडे बघितलं. मग कानाशी धरून हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकला. शेजारचा एक काळा गोटा उचलून तोही ठोकला. काळा गोटा खणकला. गुलाबी बद्द वाजला.

"ह्यो आपल्या नदीचा नाय," ती म्हणाली.

"बाई, खाली ठेव तो," बुवा म्हणाले. "देवाच्या दगडाला हत्यार लावतेस?"

"देवाचा?" मैनाने नदीच्या वरच्या अंगाला मान केली. "त्यो वर रिसॉर्ट झाला ना, त्याच्या भिंतीला राजस्थानचा दगड लावला. सहा वर्सं झाली. चार महिने मी टोपल्या उचलल्यात तिथं. त्याचं टवकं हाय ह्ये. मीच नदीत वतलं, ह्या माज्या हातानं." तिने खडा उलटा केला. "तवा कोपरं धारदार व्हती, बोटं कापायची. आपला काळा गोटा घासायला नदीला दहा पिढ्या लागत्याल. ह्यो मऊ. सहा पावसात गोटा झाला."

 मैना आता बुवांच्या तोंडाकडे बघत होती.

"आवाज वळखीचा वाटतोय," ती म्हणाली. "मुकादम, दाढी बरी दिसते तुमाला."

बुवांचा चेहरा हलला नाही. "मी कोण होतो ते सोड. आता कोण आहे ते बघ."

"तुमीच म्हनला व्हतात, टाका पान्यात, वाहून जाईल. वाहून हितं आलं. तुमी पन आलात."

एकदोघे हसले. पण हिरामण हसला नाही. त्याने जो प्रश्न विचारला तो त्या दिवसातला सर्वांत शहाणा प्रश्न होता. "मावशे, मुकादम असतील. दगड भिंतीचा असंल. पन त्यो विष पितोय ना? म्या डोळ्यांनी बघितलंय."

"पितोय, पन काय पितोय ते बघ." मैनाने पदराचा बोळा करून राखेतला एक गरम खडा काढला आणि सरळ माझ्याकडे आली. मी घामाने निथळत होतो. तिने तो खडा माझ्या कपाळावर दाबला आणि हात काढून घेतला.

खडा चिकटून राहिला.

"मास्तरांना कुटला साप चावला?" तिने विचारलं.

मग तिने राखेतलाच आणखी एक खडा घेतला, कुणालाही न लावलेला, आणि दुधाच्या वाटीत टाकला. बुडबुड्यांची तीच रांग वर आली. "ह्यात कुनाचं इख? राखंचं?" मग तिने हिरामणच्या भावाला पाण्यात धाडलं. त्याने गुलाबी गोटा काढून दिला तसा, ओलाच, तिने माझ्या कपाळाला लावला. तो टप्पदिशी खाली पडला.

"ह्याचं प्वाट भरलंय. म्हनून तर तीन तास राखंत घालतात, तहान लागाया. ह्याला वल पायजे, बाबा. घाम असंल, दूध असंल, रगत असंल, ह्याला समदं येकच. इख तिच्या अंगात पार वर गेलं, आनि ह्यो बसलाय कातडीवरचं रगत चाटत."

मला तेव्हा कुठे तोंड फुटलं. "खरंय हिरामण," मी म्हणालो. "माझी सहाणसुद्धा पिते. सकाळीच बघितलंय मी. उचल तिला."

हिरामणने माझ्याकडे बघितलं. मला सकाळपासून ठाऊक होतं, हे त्याला कळलं. त्या नजरेबद्दल मी लिहीत नाही.

"सुई लागली तर माझी जबाबदारी नाही," बुवा म्हणाले. अजूनही त्यांचा स्वर सुरात होता.

"चला अवो," सुंदरा म्हणाली. बोलताना तिच्या ओठांवर रक्त आलं. विटांचा टेंपो रस्त्यावर उभा होता. चौघांनी तिला, पाय हलू न देता, चादरीवर आडवं नेऊन त्यात ठेवलं. मी पेटी तिथेच टाकून टेंपोत चढलो.

कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरणीने पहिल्यांदा काचेच्या नळीत तिचं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटांनी तिरपी केली. निरोगी माणसाचं रक्त एव्हाना दह्यासारखं थिजतं. सुंदराचं पाण्यासारखं वाहिलं. घोणसेचं विष हेच करतं. सापाच्या विषावरची लस सुरू झाली. हिरामण सुईकडे एकटक बघत होता. उलटं होतंय का, याची वाट बघत होता.

"किती वाजता चावला?" डॉक्टरणीने विचारलं.

हिरामणने सांगितलं.

"आणि इतका वेळ कुठं होतात?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या नळीकडे.

पुढे तिची लघवी थांबली. तिला मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं, यंत्रावर रक्त शुद्ध करावं लागलं. पंचवीस दिवस आम्ही रोज फोन वाजला की दचकत होतो. ती वाचली. पायाची दोन बोटं गेली. घरी आल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा ती ओटीवर बसून तांदूळ निवडत होती.

"पेटी बरी वाजवता तुमी, मास्तर," ती म्हणाली. "त्या दिवशी जरा जास्तच वाजवलीत."

 मी ते वाक्य घेऊन घरी आलो.

बुवा त्याच दुपारी छप्पर सोडून गेले होते. साप चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवणं हा आपल्या महाराष्ट्रात कायद्याने गुन्हा आहे. समिधाने आणि हिरामणने पोलिसांत तक्रार दिली. अजून तो माणूस सापडलेला नाही. कुठल्या तरी दुसऱ्या नदीकाठी, दुसऱ्या गुलाबी गोट्यांपाशी तो आज संध्याकाळी गात असेल, या विचाराने मला अधूनमधून घाम फुटतो.

एका रविवारी आम्ही देवळात माणसं गोळा केली. मैनाला खोपोलीहून बोलावलं. समिधाने प्रसादाच्या ताटातून राजगिऱ्याचा लाडू उचलला. "हा तुमचा खडा," ती म्हणाली. "राजगिऱ्याच्या जागी वाळू, गुळाच्या जागी निसर्गाचं चिकटण. दाण्यादाण्यांत फट असते. त्या फटींत हवा. ओल लागली की पाणी फटींत चढतं आणि हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते. यात ना देव, ना विष. आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या आत अशा फटी जवळजवळ नाहीतच. कोंडाण्याच्या लेण्यांवर दोन हजार वर्षं पाऊस पडतोय, तो आत झिरपून कातळाचा चिखल झाला का? आपण जन्मभर न पिणाऱ्या दगडांत वाढलो, म्हणून पिणारा दगड दिसला की आपले हात जुळतात. राजस्थानात याच दगडाच्या भिंतीला म्हशी अंग घासतात."

मैनाने मग खडे लोकांच्या हातांत दिले. कण दिसतात का बघा, म्हणाली. चोळला की बोटाला रवा लागतो का बघा. रेघा थराथराच्या आहेत, वाळू थरानं बसलेली कळते. ठोकून ऐका. म्हाताऱ्या बाया दगड कानाशी धरून ऐकू लागल्या. बुवांच्या कीर्तनात सुद्धा मी इतकी शांतता ऐकली नव्हती. एका पोराने विचारलं, "मंग मावशे, वाळू दगड कशी होते?" समिधा म्हणाली, "हा बघा, हा खरा चमत्कार. बस खाली, सांगते." आणि तिने तासभर सांगितलं. पुरातन नद्यांचं, वाळूवर चढत गेलेल्या वाळूचं, त्या भाराचं, लाखो वर्षांचं. ते ऐकताना मला वाटलं, देवाच्या नदीचं खरं आख्यान हेच. आम्ही इतके दिवस कुणा मुकादमाकडून ऐकत होतो.

त्या दिवशी एक्केचाळीस खडे परत आले. गावात सत्तरच्या आसपास गेले होते. राहिलेले अजून फळ्यांवर आहेत, हळदकुंकू लागून, कोरडे, तहानलेले. पोपटने त्याचा दिला नाही. "मला वाचवलंय त्यानं," तो म्हणतो, आणि त्याला खुर्ची देणारे अजून आहेत. आमच्या शिवारात घोणस आहे, फुरसं आहे, मण्यार आहे. भात दर वर्षी कापायचं आहे.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही देवाचे असा वा नसा, मी आहे, आणि हात जोडून सांगतो. कुणी गोड गळ्याने काही सांगितलं तर सूर कानात ठेवा, शब्द मात्र हातात घ्या, चोळा, ठोकून बघा. चमत्कार दिसला की विचारा, हाच खडा साप न चावलेल्या माणसाला लावला तर काय होतं. आणि शंका आली त्याच दिवशी बोला, आख्यान पुरं व्हायची वाट बघू नका. साप चावलाच तर कापू नका, करकचून बांधू नका, चोखू नका, माणसाला चालवू नका. चावलेला पाय हलू न देता आडवं न्या आणि पहिला दवाखाना गाठा. लस तिथेच मिळते, दुसरीकडे कुठेही नाही.

आणि घरात गुलाबी खडा असलाच तर टाकून देऊ नका. त्यावर चाकूला धार फार छान लागते.